वाळिंबेबाईंचं न सोडणारं घर

श्रीमती इंदुमती वाळिंबे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात चित्रकार लिहिणार, प्राध्यापक लिहिणार. त्या रांगेत मी सातवी पास माणूस, सांगलीत लाउडस्पीकर भाड्यानं देणारा. पण बाईंपासून मी एक गोष्ट जवळजवळ तीस वर्षं लपवून ठेवली होती. ती अलीकडेच त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, "आता लिहूनच टाका, हणमंतराव. सगळ्यांना कळू दे." म्हणून लिहायला बसलो.

ओळख झाली ती शिडीवर. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. साताऱ्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी कर्णे बांधत होतो. चित्रकलेच्या बाई खाली येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा डावा कर्णा घोगरा झालाय." खरं होतं. मला ते कळलं होतं आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही अशा हिशेबानं मी तो बांधला होता. उतरलो, तर लगेच दुसरा प्रश्न. "रिकाम्या खोलीचा आवाज टेप करून द्याल का?"

"आवं बाई, रिकाम्या खोलीला कसला आवाज?"

"असतो. माणसं उठून गेलेल्या खोलीचा वेगळा, आणि माणसं यायची आहेत त्या खोलीचा वेगळा. तुम्हाला ऐकू येत नसेल तर राहू द्या."

आटपाडीहून सांगलीत आलो तेव्हा माझ्याजवळ एक सायकल आणि हे दोन कान, एवढंच भांडवल होतं. त्या कानांना असं कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, "येतंय ऐकू. कुठली खोली ते सांगा."

बाईंचं काम काय चाललं होतं ते मला कळायला महिना गेला. महेशराव नावाचे एक हुशार गृहस्थ साताऱ्यात संगणकाचे वर्ग चालवत. चपला जिन्यात काढायच्या, पाय पुसायचे आणि मग देवघरात जावं तसं त्या खोलीत जायचं. महेशरावांच्या यंत्रावर काही परदेशी खेळ होते. त्यांत गोळीबार नाही, पळापळ नाही. पडद्यावर एक खोली दिसते. टेबल, खिडकी, कपाट. बाण नेऊन वस्तूवर टिचकी मारायची, ती उघडायची, उचलायची, कुणी भेटलं तर बोलायचं. खोली काही सांगेपर्यंत तिच्यात थांबायचं. अडलं तर चार-चार दिवस अडायचं, आणि भाजी घेता घेता एकदम सुचायचं. बाई गुणपत्रकं छापून घ्यायला म्हणून तिथे गेल्या आणि त्या खोल्यांमध्ये गुंतल्या. असा एक खेळ मराठीत करायचा, असं त्यांनी ठरवलं.

रोज शाळा सुटल्यावर, अशी तीन वर्षं बाईंनी हे काम केलं. आधी आलेखाच्या कागदावर चौकट न् चौकट रंगवायची, मग तेच ठिपके पडद्यावर भरायचे. एका दाराच्या कडीला त्यांना आठवडा लागलेला मी पाहिला आहे. परदेशी खेळांना न पडणारी एक अडचण त्यांना पहिल्याच दिवशी पडली. खेळणारा बाई आहे की पुरुष, हे कळल्याशिवाय मराठीत धड 'पाहतो'सुद्धा लिहिता येत नाही. म्हणून त्यांचा खेळ सुरू होतानाच विचारायचा, "कोण आलंय? बाई की पुरुष?" मग पडद्याच्या तळाशी शब्द यायचे. पाहतो, घेतो, उघडतो, विचारतो, जातो, येतो. बाई असाल तर पाहते, घेते.

खेळातलं घर म्हणजे धरणाच्या वसाहतीतलं एक सरकारी क्वार्टर. आपण विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला आलेलो. दार उघडं. आत कुणी नाही, पण मीटरची चकती फिरते आहे. ओट्यावरच्या चहाला वाफ आहे. परातीत मेथी अर्धी निवडलेली. फणीत ओले केस. मधूनच मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि थांबतात. बास, एवढंच. कोयनेकडची माणसं ही जागा आली की खुर्ची मागं सरकवत. जमीन हलायच्या आधी भांडी बोलतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

महेशरावांचं म्हणणं, एखादी पांढऱ्या लुगड्यातली बाई दाखवावी. बाईंनी ऐकलं नाही. "भूत दाखवलं की माणूस सुटतो, महेशराव. कशाला घाबरायचं ते त्याला कळतं." त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म मला तरी या एका वाक्यात दिसतं.

बाईंच्या स्वभावाबद्दल एकच सांगतो. पहिल्या खेपेला मी ऐटीत माझा मोठा स्पीकर नेला आणि महेशरावांच्या टेबलावर ठेवला. शेजारीच बाईंच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा. स्पीकरला मागं भलंमोठं लोहचुंबक असतं, आणि चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते, हे मला काय ठाऊक. खेळातलं अख्खं स्वयंपाकघर गेलं. महेशराव डोक्याला हात लावून बसले. "हणमंतराव, दोन महिन्यांचं काम होतं हो ते." मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. ओट्याची उंची चुकलीच होती." त्यांनी ते पुन्हा काढलं, दोन महिने घालवून. उंची तेवढीच ठेवली होती, हे मी जुन्या कागदाला पट्टी लावून पाहिलं आहे.

आता त्या घराबद्दल. घरातून बाहेर पडता येत नसे. खोल्याखोल्यांतून 'जातो' दाबून फिरता येई, पण बाहेरच्या दाराशी 'जातो' दाबलं की खाली ओळ उमटायची, "दार उघडत नाही." पुण्याहून आलेले इंजिनिअर तीन-तीन आठवडे आत अडकले. किल्ल्या शोधल्या, खिडक्या उघडून पाहिल्या, मीटर बंद केला. एकदा असेच दोघे हुज्जत घालत बसले होते आणि वर्गात झाडलोट करणाऱ्या शेवंतामावशी मागं झाडू घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जातो काय म्हंतायसा? कुणाच्या घरातनं निघताना असं बोलत्यात व्हय? येतो म्हना की. तुमास्नी काय आयबापानं शिकवलं न्हाई?"

त्यांनी 'येतो' दाबलं. दार उघडलं. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. बाई कोपऱ्यात होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत, उठून खिडकीशी गेल्या.

त्याचं कारण त्यांनी मला, ती रिकामी खोली टेप करायला निघालो तेव्हा, कोयनानगरच्या वाटेवर, घाटात, एसटीत सांगितलं. ते घर त्यांचंच होतं. वडील प्रकल्पावर नोकरीला. बाईंना चित्रकला शिकायला जायचं होतं, आईनं स्थळ पाहिलेलं. भांडण झालं. बाई पिशवी उचलून "जाते मी" म्हणून निघाल्या. आई दारातून म्हणाली, "येते म्हणावं गं." बाईंनी मान वळवली नाही. तिसऱ्या पहाटे भूकंप झाला. वडील पाळीवर होते, ते वाचले. आईच्या अंगावर मागची भिंत आली.

"म्हणून ते दार तसं केलंय," बाई म्हणाल्या. "निदान खेळणारी माणसं तरी नीट बोलून निघतील."

मी विचारलं, "मग आतनं कुणी 'ये' म्हणायला नको का, बाई?"

"ते मी कसं लिहू? ते माझ्या हातात नाही."

क्वार्टर उभं होतं. पडलेली भिंत पुन्हा बांधलेली, त्यानंतर बरीच बिऱ्हाडं राहून गेलेली, आता रिकामं. किल्ली राखणदाराकडे.

"कुणाला भेटायचंय?" त्यानं विचारलं.

"कोणाला नाही," बाई म्हणाल्या.

"मग किल्ली कशाला?" तरी त्यानं दिली. कुलूप काढताना म्हणाला, "हे वाऱ्यासाठी लावतुया. दार सारखं उघडतंय. वारा भायरनं येतुया, आन दार आतनं ढकलल्यागत उघडतंय. आपल्याला काय करायचंय म्हना."

दुपारचे दोन वाजले असतील, लख्ख ऊन. मी नवी कोरी कॅसेट तिथंच फोडली. माइक मागच्या खोलीत मधोमध ठेवला, लांब वायर सोडली आणि कानाला हेडफोन लावून व्हरांड्यात बसलो. दहा मिनिटं टेप करायचं ठरलं. खोलीचा आवाज चांगला होता. जुन्या चुन्याचा असतो तसा, जड. शेवटी बाई उंबऱ्यापाशी आल्या. आत पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "येते हं." आणि पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागल्या.

त्यानंतर माझ्या कानात कुणीतरी म्हणालं, "हं."

बाईमाणसाचा आवाज. माइकपासून हातभर. मी वर पाहिलं. बाई फाटकापाशी पाठमोऱ्या. राखणदार रस्त्यावर विडी पेटवत होता. मी टेप बंद केला नाही. उरलेली दोन मिनिटं पुरी होऊ दिली. अर्धवट काम मी कधी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून पहिलं तेच ऐकलं. 'हं'चा आवाज टेपवर होता. जुन्या कॅसेटवर मागचं काही राहून जातं, पण ही कोरी होती. वायरीत कधी रेडिओ शिरतो, पण रेडिओ एवढंच बोलून गप्प बसत नाही. बाईंना सांगावं, असं दहादा मनात आलं. सांगितलं असतं तर बाई काय समजल्या असत्या, हे उघड आहे. आणि उद्या तो वायरीचाच दोष निघाला असता तर? आईसाठी इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला खोटी आई कशी द्यायची? मी गप्प बसलो. टेपची नक्कल मात्र जशीच्या तशी महेशरावांना दिली. त्यांनी ती बाईंच्या 'येते हं'पाशी कापली आणि पुढचा तुकडा, न ऐकताच, शेवटच्या दाराला लावला.

मग खेळणारे सांगू लागले. 'येतो' म्हटल्यावर दार उघडतं, आणि आतून कुणीतरी 'हं' म्हणतं. महेशरावांनी बाईंना विचारलं, "हे तुम्ही घातलंत?" बाई म्हणाल्या, "वारा असेल." मी त्या वेळी हजर होतो. तेव्हा मला समजलं की बाईंनी आपला खेळ शेवटपर्यंत एकदाही खेळलेला नाही. शेवटचं दार आलं की त्या उठायच्या. "पुढचं मला माहीत आहे," म्हणायच्या.

पुढं काळ बदलला. सीडीच्या चकत्या आल्या, धावणारे आणि मारणारे खेळ आले. महेशराव वर्ग बंद करताना म्हणाले, "बाई, हा खेळाचा प्रकार संपला." बाई म्हणाल्या, "संपला नाही. लोक सध्या पळतायत. दमले की बसायला जागा शोधतील." आम्हाला ते समजूत घातल्यासारखं वाटलं. पण गेल्या काही वर्षांत माझ्या दुकानात पन्नाशीची माणसं येऊ लागली. "तुम्हीच ना ते आवाजवाले? ते घर कुठं मिळेल हो?" मिळायला होतं कुठं? फ्लॉप्यांना बुरशी आलेली. अखेर सांगलीच्याच दोन तरुण अभियंत्या बाईंकडे गेल्या. त्या असेच सावकाश खेळ बनवतात, मोबाइलवर. बाईंचे आलेखाचे कागद सगळे शाबूत होते. नव्हता तो फक्त आवाज. तो माझ्याकडे होता, लोखंडी कपाटात, चुंबकापासून लांब.

कॅसेट मुलींच्या हातात द्यायच्या आधी बाईंना ऐकवायची, एवढं मी ठरवलं. एका दुपारी साताऱ्याला गेलो. सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुढं केला आणि हेडफोन घेतला. आपलं "येते हं" ऐकलं. पुढचं ऐकलं. तीनदा ऐकलं. मी भिंतीकडे पाहत बसलो होतो.

"ही आई नाही," बाई म्हणाल्या.

मी टेप थांबवली.

"आई नुसतं 'हं' म्हणून कुणाला सोडणाऱ्यातली नव्हती. पोचल्यावर पत्र टाक, डबा परत आण, चार गोष्टी सांगितल्या असत्या तिनं. ही कोणीतरी दुसरी आहे. आमच्यानंतरची. किंवा आधीची." त्यांनी टेप मागं फिरवली. मग म्हणाल्या, "बिचारी. मी आईला म्हणून बोलले आणि उत्तर हिला द्यावं लागलं. नीट ऐका बरं पुन्हा. आवाज उभ्या माणसाचा आहे की बसलेल्या?"

मी ऐकलं. "बसलेल्या. खिडकीच्या बाजूनं. वय लय नसंल."

बाईंनी पेन्सिल घेतली. खेळातल्या त्या खोलीत आजवर कुणी नव्हतं. त्या दुपारी बाईंनी खिडकीपाशी एक बसलेली बाई काढली, पाठमोरी, गुडघ्यावर हनुवटी. त्या दोघी अभियंत्यांना फोन करून सांगितलं की घाई करू नका, घरात एक माणूस वाढलंय आणि खेळणाऱ्यानं निघण्याआधी तिला विचारायचं आहे, कुणाची वाट पाहताय म्हणून. ती काय उत्तर देईल, असं मुलींनी विचारलं. "ते अजून मला ऐकू आलेलं नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून बाई रोज दुपारी दहा मिनिटं ती टेप ऐकतात. परवा म्हणत होत्या की 'हं'च्या आधी एक श्वास आहे, आणि त्या श्वासात कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर असल्यासारखं वाटतं. मी ऐकून पाहिलं. बाई म्हणतात ते चूक आहे, असं माझ्यानं म्हणवत नाही.

आम्ही सारे बाईंना उदंड आयुष्य चिंततो ते काही रीत म्हणून नाही. ते नाव पुरं कळेपर्यंत त्यांचे कान तिखट राहोत, चेहरा काढेपर्यंत हात स्थिर राहो. आणि नाव कळल्यावर, त्या बाईची माणसं कुठं असतील ती शोधून त्यांना निरोप द्यायला, आणखी तेवढीच वर्षं त्यांना मिळोत.