आडवी लावलेली गाडी

वैशूने गाडी आडवी लावली तेव्हाच मला कळलं, हे चुकलं. माझी नात मातीच्या उंचवट्याच्या उताराला उभी होती. तिच्या पायाशी प्रफुल पडला होता आणि त्याची मोटारसायकल त्याच्या अंगावर. ती उचलायला वैशू वाकली. उंचवट्याच्या पलीकडून तिसरी गाडी येत होती. वैशूला ती दिसत नव्हती, मला दिसत होती. मी ओरडले. त्या इंजिनांच्या आवाजात म्हातारीचं कोण ऐकणार?

आम्ही सकाळीच सिंदी मेघेहून निघालो होतो. भाड्याची पिकअप, मागे दोन मोटारसायकली दोराने बांधलेल्या. वैशूचा मित्र प्रफुल चालवत होता, मध्ये वैशू, खिडकीशी मी. प्रफुलचं नाचणगावला गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. वैशू एका कचेरीत कारकून. सुटीच्या दिवशी दोघं नागपूर-अमरावती हायवेवर गाड्या पळवायचे. त्यांच्या टोळक्यातला एक जण ट्रकखाली गेला, तेव्हा मी वैशूला सांगितलं, गाडी विक, नाहीतर समोरून ट्रक येत नाही तिथे पळव. म्हणून ती शर्यतीच्या ट्रॅककडे वळली. कारंजाची ही तिची पहिली शर्यत. नीट पार पडली तर हायवे सोडीन, असा तिने शब्द दिला होता. तो किती खरा ते बघायला मी निघाले. हौस म्हणून नाही.

खरांगण्याच्या पुढे दोर सैल होऊन मागची एक मोटारसायकल कलंडली. प्रफुल ती पुन्हा बांधेपर्यंत मी उन्हात उभी. कंबर धरली होती. दोन्हीकडे हरभरा निघालेली शेतं आणि पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) ढीग. बघण्यासारखं काही नव्हतं.

"आजी, तू घरीच राह्यली असती त बरं झालं असतं," वैशू म्हणाली.

"मंग तू पहिली आली का शेवटली, हे मले कोण सांगितलं असतं? तू त खोटंच बोलतं."

"बुढी लय तिखट आहे बाप्पा," प्रफुल दोर आवळता आवळता म्हणाला.

कारंजाला ढाब्यावर पोहे खाल्ले, वर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा). ढाबेवाल्याने बाहेरच्या मोटारसायकली पाहिल्या आणि मला विचारलं, "आजी, तुम्ही बी पळवता काय?"

"तुमची तर्री पचली त पळवीन."

ट्रॅक म्हणजे संत्र्याच्या बागेला लागून असलेलं वावर. जेसीबीने त्यात वळणं आणि उंचवटे केले होते. तिथे गेल्यावर प्रफुलने दोन्ही गाड्यांचे आरसे, दिवे, इंडिकेटर सगळं काढून टाकलं.

"आरसे काऊन काढले?"

"इथं मांगं पाहाचं नसते, आजी."

शर्यत लावणाऱ्या माणसाने सगळ्यांना उभं करून सांगितलं, कोणी पडलं तर थांबायचं नाही, झेंडेवाला झेंडा दाखवून मागच्यांना सावध करेल. सगळ्यांनी माना हलवल्या. वैशूनेही हलवली.

निम्मी शर्यत झाली असेल. प्रफुल उंचवट्यावरून उतरताना घसरला. वैशू त्याच्या मागेच होती. हायवेवर यांची रीत आहे. कोणी पडला की मागच्याने आपली गाडी त्याच्यामागे आडवी लावायची, इंडिकेटर चालू करायचा, म्हणजे ट्रक बाजूने जातो. तिने हायवेवर दोनदा असं केलं होतं. इथेही केलं. मान हलवलेली कुठल्या कुठे गेली. इंडिकेटर तर नव्हताच. झेंडेवाला पळत येत होता, पण आर्वीचा सागर नावाचा पोरगा तोवर उंचवट्यावरून हवेत होता. तो वैशूच्या गाडीवर आदळला आणि पलीकडे फेकला गेला. वैशूची गाडी तिच्या पायावर पडली.

परतीचा रस्ता तोच, फक्त ॲम्ब्युलन्सने. मी ड्रायव्हरशेजारी बसले. मागून वैशू एकसारखी विचारत होती, "तो बोलून राह्यला काय?" सागर बोलत नव्हता.

वर्ध्याच्या दवाखान्यात सागरचा बाप आला. बाकावर माझ्याशेजारी तेवढी जागा होती, तिथे बसला.

"तुमची पोरगी थांबली काऊन?"

"रस्त्यावर थांबतात, म्हणून."

"तो रस्ता होता काय, मायबाई?"

"नाई," मी म्हणाले.

 पाण्याची बाटली माझ्याजवळ होती. त्याला दिली, तो प्यायला.

ट्रॅकवर ट्रक नाही, एवढंच मी पाहिलं होतं. तिथे येणारी माणसं हायवेचीच सवय घेऊन येतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि सुचलंही नाही.

वैशूच्या पायात सळई घातली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मी हायवेवर जात नाई आता, आजी. पण ट्रॅकवर जाईन. न थांबाचं शिकीन."

"पहिले त्या पोराले डोळे उघडू दे."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

प्रफुलचं खांद्याचं हाड मोडलं होतं, ते बसलं. सागरने काही दिवसांनी बापाला ओळखलं आणि पाणी मागितलं. तिघंही जगले.