काकांनी तलवार विकली

नोकरी लागून पुण्यात आले आणि पहिले चार महिने मला कामच नव्हतं. आमच्या कंपनीत अशा लोकांना ‘बेंचवरचे’ म्हणत. पगार चालू, प्रोजेक्ट नाही. सकाळी जाऊन तोंड दाखवायचं, कँटीनमध्ये जेवायचं आणि आपल्याला कुणी शोधत नाही याची खात्री करून घरी निघायचं. अमरावतीला बाबांना मात्र मी फोनवर सांगायचे की मान वर करायला फुरसत नाही.

घर म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त जोडप्याच्या फ्लॅटमधली मागची खोली. काका सरकारी इस्पितळाच्या औषध भांडारात स्टोअरकीपर होते. तीस वर्षं तिथेच. काकू दुपारी शिवणाचे क्लास घ्यायला बाहेर पडायच्या. माझ्या खोलीतल्या एकुलत्या प्लगला पंखा लावला तरी जळका वास यायचा, म्हणून नवा घेतलेला कॉम्प्युटर काकांनी हॉलच्या कोपऱ्यात ठेवू दिला. अट एकच, त्यांची दुपारची झोप होईपर्यंत आवाज बंद. मी त्यावर जे काही करायचे त्याला ते ‘तुमचं ऑफिसचं’ म्हणत. मी तो गैरसमज आदराने जपला होता.

करत होते ते असं : एका राज्यात एक राक्षस आहे, तीस दिवसांत त्याला मारलं नाही तर राज्य बुडणार, आणि हे काम माझ्या हातातल्या शूर शिपायाकडे आहे. मित्राने दिलेल्या सीडीवरचा गेम. तोवर मी असलं काही खेळले नव्हते. गावात जो भेटेल तो शिपायाला काम सांगायचा आणि मी ते घ्यायचे. कुणाची शेळी शोध, कुणाचं पत्र पोचव. नाही म्हणायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. वाटेत मिळेल ते सगळं पिशवीत घालायचे, गंजलेल्या ढाली, वितळलेल्या मेणबत्त्या, शिळे पाव. जखमा भरून काढणाऱ्या लाल औषधाच्या बाटल्या तर सतरा जमल्या होत्या आणि एकही उघडली नव्हती. पुढे मोठं संकट येईल, तेव्हा लागतील. बाविसावा दिवस उजाडला तरी मी वेशीच्या बाहेर पडले नव्हते.

त्या दिवशी काका झोपेतून लवकर उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर शिपाई कोंबडी काखोटीला मारून रांगत होता. ओझं जास्त झालं आणि अंगात ताकद उरली नाही की तो रांगायचा, आणि आज गावातली कुत्री त्याला चावली होती.

“हे तुमचं ऑफिसचं?” काकांनी विचारलं.

खोटं बोलायला काही सुचेना, म्हणून मी खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पिशवी दाखवायला सांगितली. मग एकेक वस्तू ते बोट ठेवून विचारत गेले. ही ढाल कशाला? ही दुसरी कशाला? मेणबत्त्यांना वाती आहेत का? शेवटी बाटल्यांपाशी आले.

“हा रक्त ओकतोय आणि पाठीवर सतरा बाटल्या. पेशंट मेल्यावर पाजणार आहात का?”

मी बाटली उघडली. शिपाई ताठ उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला अगदी पहिल्यापासून खेळायला लावलं आणि मला ‘अगं’ म्हणू लागले. त्यांचं म्हणणं होतं की गावात शिरण्याआधी दुकानांच्या वेळा पाहायच्या आणि एका फेरीत सगळी कामं उरकायची. लोहाराकडे दोनदा जायचं नाही. ज्याची शेळी हरवली त्याने शोधावी, आपल्याला राक्षस आहे. साधी बाटली आधी वापरायची, भारी मागे ठेवायची. आणि शिपायाला रोज पुरेशी झोप. या मुद्द्यावर ते फार कडक होते. धर्मशाळेत एक रात्र काढली की शिपायाची ताकद फुकटात परत येते, हे कळल्यावर त्या गेमबद्दलचं त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

मग मला प्रोजेक्ट मिळाला. दिवसभर ऑफिसात अडकले, आणि घरी काहीतरी वेगळंच घडू लागलं. मी अकराव्या दिवशी सोडलेला शिपाई संध्याकाळी पाहावा तर बाराव्या दिवसात. काकांना विचारलं तर म्हणाले, लाइट गेले होते, त्यात काहीतरी झालं असेल. मी शिपायाला तळ्यात गळ्यापर्यंत उभा करून ठेवला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी तो धर्मशाळेत पांघरूण घेऊन झोपलेला. काका समोर पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण सकाळी वाचून झालेला होता.

काकूंनी पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं की हे हल्ली दुपारचे झोपतच नाहीत.

तरीही मी गंमत बघत गप्प राहिले असते. पण शनिवारी पिशवी उघडली तर माझी निळी तलवार नाही. तीन डाकूंना मारून मिळवलेली तलवार. तिच्या जागी दोर, दोन मशाली, बारा पाव आणि एक गाढव.

“काका, तलवार कुठंय?”

“विकली.” पेपर खाली आला. “उचलायला दोन हात लागतात. मग मशाल कोण धरणार, तू?”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी काळोख्या गुहेत शिरले. मशाल नसती तर पहिल्याच खड्ड्यात गेले असते. तिथून बाहेर पडताना सगळं सामान गाढवावर होतं आणि शिपाई रांगत नव्हता. मी काही कबूल केलं नाही. चहा मात्र दोन कप केला.

शेवटची लढाई आम्ही रविवारी सकाळी ठेवली. अठ्ठाविसावा दिवस, दोन दिवस हातात शिल्लक. माउस काकांकडे, कारण गाढव त्यांचं. काकूही अंबाड्याला गजरा लावून येऊन बसल्या. राक्षस प्रचंड होता. काकांनी बाटल्या अगदी हिशेबाने वापरल्या, एक, दोन, सहा. मग एकच उरली, सर्वांत भारी, सोनेरी. शिपाई लटपटला. मी म्हटलं, पाजा. काका म्हणाले, थांब, अजून एक घाव सोसेल. नाही सोसला.

शिपाई मेला. सोनेरी बाटली पिशवीत तशीच.

“काका,” मी म्हटलं, “एक्स्पायरी कधीची होती तिची?”

काकू आधी हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की नोकरीत असताना त्यांनी एका महागड्या इंजेक्शनची पेटी अशीच कपाटात मागे सारून ठेवली होती, फार सिरियस कुणी आला तर असू दे म्हणून. मुदत उलटून गेली तेव्हा नष्ट करायच्या यादीवर सही त्यांनीच केली. त्या काळात कुणी मागायला आलं होतं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

गेम आम्ही लढाईच्या आधी सेव्ह करून ठेवला होता. पुन्हा सुरू केला. या वेळी काकांनी सोनेरी बाटली सगळ्यात आधी पाजली, इतकी आधी की शिपायाला धड खरचटलंही नव्हतं. मी कपाळावर हात मारला. पण राक्षस मेला, सहा घावांत. राजाने भाषण केलं. ते लांबलं तसं काकांनी बटण दाबून ते पुढे पळवलं.

सोमवारी ऑफिसहून आले तर त्यांनी विचारलं, नवा खेळ सुरू केला तर चालेल का. मी म्हटलं, चालेल की, पुन्हा शिपाईच निवडायचा ना?

“चोर घेतलाय,” काका म्हणाले. “तीस वर्षं कुलपं सांभाळली. जरा उघडून बघतो.”

काकूंनी आतून विचारलं, जेवायला येताय का. चोराला त्या वेळी एका सावकाराच्या माडीवर चढायचं होतं, त्यामुळे आम्ही दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.