आईसाठी रकाना नव्हता

मी ज्या कामाचा पगार घेते, त्या कामाचा मला वीट आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. प्रवासाची तिकिटं आणि हॉटेलातल्या खोल्या विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी काशीतल्या रामघाटावरच्या आमच्या घरात बसून तक्ते सांभाळते. एका बाजूला देशांची, भाषांची, चलनांची नावं आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे दोन-तीन अक्षरी ठरलेले कोड. कोड टाकला की नाव निघालं पाहिजे आणि नाव टाकलं की कोड. रुपया आपलाही आहे, नेपाळचाही आणि श्रीलंकेचाही, म्हणून तिघांचे कोड वेगळे. ‘एस-व्ही’ भाषेच्या रकान्यात टाकलं तर स्वीडिश, देशाच्या रकान्यात टाकलं तर एल साल्वाडोर. ‘एम-आर’ ही भाषा असेल तर मराठी आणि देश असेल तर आफ्रिकेतला मॉरिटानिया. एकदा कुण्या शहाण्याने हे दोन तक्ते एकमेकांवर चढवले आणि मराठीतून पान उघडणाऱ्या लोकांना मॉरिटानियाच्या चलनात भाव दिसायला लागले. निस्तरलं मी. चूक कुणाची हे विचारायला कुणी आलं नाही, निस्तरायला इतका उशीर का झाला हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

ही रोजची चिडचिड होती, ती अंगवळणी पडली होती. किळस यायला लागली ती आईच्या आजारपणात.

आईला लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोळ्यांवरून कळायचं की तिला सगळं समजतंय, पण तोंडातून नुसता हुंकार. मग एका सकाळी भिंतीकडे बोट दाखवून ती स्पष्ट म्हणाली, “पाल!” दादा दाढी अर्धवट टाकून धावत आला. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. घरात पाल निघाली म्हणून इतका आनंद झालेलं कुटुंब काशीत दुसरं नसेल. त्यानंतर एकेक शब्द यायला लागला. पाणी, भात, फणी, उशी. सगळे मराठीच, कारण आईच्या डोक्यात सगळ्यात खाली तेच होतं.

आम्ही इथलेच मराठी. पेशवाईत कुणीतरी पूर्वज काशीला आला तो परत गेलाच नाही. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे, आता ते नाहीत. दादा रेल्वेत आहे. घरात मराठी आणि जिना उतरला की हिंदी, असा आमचा सगळ्यांचा जन्म गेला. पण भाज्या हिंदीवालीकडूनच घ्यायच्या, भांडायचं हिंदीवाल्याशीच, त्यामुळे घरातल्या मराठीतही निम्मा बाजार शिरलेला. आम्ही दाराला ताला लावतो, छाता घेऊन निघतो आणि दुधीची नाही, लौकीची भाजी करतो. पुण्याचे नातेवाईक आले की या शब्दांवर नाक मुरडतात आणि मग त्याच लौकीची भाजी दोनदा मागून घेतात.

आमच्या लोकांची आणखी एक खोड आहे. सरकारी कागद असो, शाळा असो की खानेसुमारी, मातृभाषा विचारली की आम्ही बिनदिक्कत ‘हिंदी’ लिहितो. मराठी लिहिलं की समोरचा चष्मा वर करून विचारतो, “आप लोग बाहर से आए हैं?” इतक्या पिढ्या गंगेचं पाणी पिऊन झाल्यावर हा प्रश्न ऐकायचा कुणी? त्यापेक्षा हिंदी लिहा आणि मोकळे व्हा. आजोबांनी तेच केलं, वडिलांनी तेच केलं, आणि इस्पितळात आईची नोंद करताना दादानेही विचार न करता तेच केलं.

ते इस्पितळ मोठं होतं. तिथे लकव्याने वाचा गेलेल्यांना रोज तासभर बोलायला शिकवायचे. जागा थोड्या होत्या, म्हणून आधी चाचणी. ज्याच्यात सुधारणेची आशा दिसेल त्यालाच घ्यायचं, बाकीच्यांनी घरी जायचं. डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं की हे सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पुढे फारसं काही परत येत नाही. म्हणजे आईला ती जागा मिळाली तर आईचं बोलणं मिळणार होतं. नाही मिळाली तर ती उरलेलं आयुष्य बोटं दाखवत काढणार होती.

चाचणीच्या खोलीपर्यंतच्या भिंती कमरेएवढ्या उंचीपर्यंत पानाने रंगलेल्या. फिनेल आणि लघवी यांचा मिळून एक वास. आत एक तरुण बाई समोसा खात होती. आम्हाला पाहून तिने बोटं ओढणीला पुसली, अर्धवटच, आणि त्याच बोटांनी टॅबलेट पुढे केला. पडद्यावर मांजर होती.

“माताजी, ये क्या है?”

“मांजर,” आई म्हणाली. अगदी स्वच्छ.

बाईने लाल खूण दाबली. पुढे कात्री आली.

“कात्री.”

पुन्हा लाल. मग कंगवा आला, आई “फणी” म्हणाली, तिसऱ्यांदा लाल. आई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं होतं की छान चाललंय.

“मॅडम, वो सब सही बोल रही हैं,” मी म्हटलं. “मराठी में।”

“फ़ाइल में तो हिंदी है।”

“फ़ाइल ग़लत है।”

“अच्छा, तो आप लोग महाराष्ट्र से आए हैं?”

“नहीं। रामघाट से।”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लकवा मलाच झालाय. मग हातात कागद आला. भाषा हिंदी. बोलणं अर्थहीन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या भाषांच्या तक्त्यात अगदी शेवटी एक कोड असतो, ‘झेड-एक्स-एक्स’. ज्या ध्वनीत भाषाच नाही त्याच्यासाठी तो ठेवलेला आहे. नुसती बासरी, यंत्राची घरघर, पक्ष्यांची किलबिल. समोशाच्या तेलकट बोटाने माझ्या आईला त्या रकान्यात ढकललं होतं आणि ती बिचारी अजून हसत होती.

मी हटले नाही. रोज फोन केले, रोज जाऊन उभी राहिले. शेवटी मला टाळण्यासाठीच त्यांनी फाइलमधली भाषा बदलली. आता ‘एच-आय’ जाऊन ‘एम-आर’ झालं, आणि महाराष्ट्रातल्या एका तज्ज्ञबाईंनी पडद्यावरून आईची चाचणी घ्यायची ठरली. मला वाटलं, जिंकले. आईला मी नवी साडी नेसवली.

तज्ज्ञबाई गोड होत्या. “नमस्कार आजी, कशा आहात?” एवढ्यानेच आईचा चेहरा खुलला. मांजर झाली, कात्री झाली, फणी झाली, तिन्ही हिरव्या. मग दुधी भोपळा आला.

“लौकी,” आई म्हणाली.

“आजी, मराठीत सांगा ना.”

“लौकी.”

लाल. मग कुलूप आलं, आई “ताला” म्हणाली. छत्री आली, आई “छाता” म्हणाली. प्रत्येक वेळी बाई तितक्याच गोड आवाजात “मराठीत सांगा हं” म्हणत राहिल्या आणि लाल खुणा पडत गेल्या. आई गोंधळली. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “अगं, हिला दिसत नाही का? लौकीच आहे ना ती?”

लकव्यानंतरचं तिचं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. मी जवळजवळ ओरडलेच, “ऐकलंत का? वाक्य बोलली ती!” बाई म्हणाल्या की हो, पण वाक्यं दुसऱ्या टप्प्यात असतात, पहिल्या टप्प्यात पास झाल्यावर. आणि पहिल्या टप्प्यात दोन भाषांची सरमिसळ दिसतेय, शब्द आठवत नाहीत, त्यामुळे जागा देता येणार नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतंय. समोसेवाली निदान गोड तरी बोलली नव्हती.

परतताना रिक्षात दादा म्हणाला, “मी म्हटलं होतं ना, हिंदीच राहू दे. तू फालतू बवाल केलास.”

माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. ‘एम-यू-एल’ नावाचा एक कोड आहे. एकाहून जास्त भाषांसाठीच तो बनवलेला आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या विभागाच्या प्रमुखाकडे गेले आणि म्हटलं की आईच्या नावापुढे तो टाका, आणि दोन्ही भाषांतली उत्तरं बरोबर धरा. त्याने यादी उघडून दाखवली. हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ, सगळ्या एकेक, वेगवेगळ्या.

“ऐसा कोई ऑप्शन नहीं है।”

“होता है। मैं यही काम करती हूँ।”

“मैडम, सॉफ्टवेयर ऊपर से आता है,” असं म्हणून त्याने खरोखरच छताकडे बोट केलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून पानाचा लाल ओघळ हनुवटीकडे निघाला होता. तो त्याने तळहाताने पुसला आणि तळहात माझ्या आईच्या फाइलला. मी ती फाइल काखेत मारली आणि बाहेर आले. घाटापर्यंत चालत आले तरी तो ओघळ डोळ्यांपुढून जाईना.

मला त्याचीच किळस आली असं म्हणणं सोपं होतं. पण मला माझ्या तक्त्यांचीही किळस आली. इकडे एक, तिकडे एक, मध्ये बरोबरचं चिन्ह. या पद्धतीत कुठल्याही माणसाचं घर बसत नाही, आणि तरी मी वर्षानुवर्षं ते तक्ते घासूनपुसून चकचकीत ठेवत आले. कुणी ‘एम-यू-एल’ टाकलं तर यंत्र अडतं, म्हणून आमच्या कंपनीनेही ते यादीतून काढलेलंच आहे. सॉफ्टवेअर पुरवणारे वेगळे असतील, डोकं तेच.

चाचणीची शेवटची एक संधी होती, तीही हिंदीतूनच. दादाने ती हातात घेतली. रोज कामावरून आला की तो आईसमोर चित्रं घेऊन बसायचा. “मांजर नाही, आई. बिल्ली. बोल, बिल्ली.” आई चहा मागायची. “चहा नाही, चाय बोल, मग देतो.” आईचे ओठ थरथरायचे. चहा वाफा टाकत समोर असायचा आणि तो कप मागे धरून बसलेला.

एके दिवशी मी भडकले. “ती आई आहे रे, पोपट नाही!”

“मग तू सांग दुसरा उपाय,” तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. “तू या विषयातली ना? सांग. मला तिला गप्प बसलेली बघायची नाहीये.”

मी उठून माझ्या खोलीत गेले, लॅपटॉप उघडला आणि चलनांच्या तक्त्यात डोकं खुपसलं.

आई पास झाली. त्याच समोसेवालीने हिरव्या खुणा दाबल्या आणि “माताजी ने कमाल कर दिया” म्हणाली. जागा मिळाली. रोजचे उपचार सुरू झाले आणि घरासाठी एक सूचना मिळाली, घर पर भी सिर्फ़ हिंदी बोलिए, मरीज़ को कन्फ़्यूज़ मत कीजिए। दादाने, वहिनीने ती काटेकोर पाळली. मी पाळली नाही, पण मी मराठीत बोलले की आई आधी दादाकडे बघायला लागली, उत्तर द्यावं की नाही ते ठरवायला. तो नसला की खाली मान घालायची.

उपचार चांगले होते, हे मला कबूल करावं लागतं आणि तेच जास्त झोंबतं. काही महिन्यांत ती वाक्यं बोलायला लागली. ती पाठ करवून घेतलेली, इस्पितळी, स्वच्छ वाक्यं. मुझे पानी दीजिए। खिड़की बंद कर दीजिए। आप कैसी हैं? बाजारात भाजीवालीशी कडाडून भांडणारी आई असली हिंदी कधी बोलली नव्हती. ती ज्या हिंदीत भांडायची तीसुद्धा परत आली नाही. शेवटच्या आढाव्याला तिला मधोमध खुर्चीवर बसवून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला आणि पेढे वाटले. विभागप्रमुखाने माझ्याकडे बघून मान हलवली, ‘पटलं ना आता?’ अशा अर्थी. मला तो पेढा गिळवेना. रुमालात गुंडाळून मी तो बाहेरच्या गाईला घातला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईसाठी मऊ भात केला, वर तूप-मेतकूट घातलं आणि ताट घेऊन तिच्याजवळ बसले. पहिला घास कालवून पुढे केला आणि म्हटलं, “आई, सावकाश हं, गरम आहे.”

तिने घास घेतला. नीट चावून संपवला. मग अनोळखी बाईने गर्दीत हात दिला तर आपण बघतो, तितक्या सौजन्याने माझ्याकडे बघितलं आणि डावा हात छातीशी नेऊन म्हणाली, “आप बहुत अच्छी हैं। धन्यवाद।”

आमच्यात आई लेकीला धन्यवाद म्हणत नाही. माझा हात भातातच राहिला.

दारात उभा असलेला दादा आनंदाने म्हणाला, “ऐकलंस? किती साफ बोलली!”