जात्यावरचा जपानी कवी

धाकटा भाऊ गोवराने गेला आणि आईची जात्यावरची ओवी बंद झाली. गावात नुकतीच पिठाची गिरणी आली होती, पण आई ज्वारी घरीच दळायची. पूर्वी पहाटे तिच्या गाण्याने जाग यायची. आता नुसती घरघर ऐकू यायची आणि मला उठावंसंच वाटायचं नाही.

वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. कुणाकडून तरी त्यांना एका जपानी कवीचं इंग्रजीत आलेलं पुस्तक मिळालं. त्या कवीचंही लेकरू गेलं होतं. स्वतःचे शब्द सुचेनात, म्हणून तो कितीतरी वर्षं परक्या भाषांतल्या कविता जपानीत आणत बसला, मग कुठे त्याला या स्वतःच्या सुचल्या, असं प्रस्तावनेत होतं. वडिलांच्या मनाने तेच घेतलं. आईला स्वतःचं सुचत नसेल, तर दुसऱ्याचं म्हणता येईल.

मग ते त्याच्या कविता ओवीत बसवू लागले. संध्याकाळी जात्याशी बसून, खुंटा फिरवत गुणगुणायचे. ओळ फेऱ्यात अडली की शब्द बदलायचे. आई ओरडायची, "रिकामं जातं फिरवू नोका, खराब होते!" शाळेतले मास्तर थट्टा करायचे, "जपानी पीठ कसं लागते हो?" मला तर त्या कवीचा रागच यायचा. आमचं दुःख काय कमी होतं, की त्याचंही घरात आणावं?

एका पहाटे वडील दळणाऱ्या आईसमोर बसले. "आयकून पाय," म्हणाले आणि हलक्या आवाजात गायले :

बाळाची गोधडी गं, वाळू घातली उन्हात
दिस मावळून गेला, ऊब येईना तिच्यात

जातं थांबलं. मी पांघरुणात श्वास धरून राहिले. आता म्हणेल, आता म्हणेल.

"त्याच्या बायकोनं काय म्हटलं?" आईने विचारलं.

"कोनाच्या?"

"त्या कवीच्या. लेकराच्या मायनं?"

पुस्तक वडिलांना पाठ होतं. "तिचं काही नाई त्यात," ते म्हणाले.

"तुमी तरी मले कधी इचारलं?"

वडील जात्याजवळ सरकले. मग म्हणाले, "सांग."

आई जात्याकडे बघत बोलली, "त्या राती अंग गार लागलं त्याचं. मले वाटलं, ताप उतरला. देवाले हात जोडले अन् निजली मी."

वडिलांनी तिचा हात खुंट्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. माझ्यादेखत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. ओवी मात्र आमच्या घरात परत आली नाही.