ऑरिनच्या खोक्यांची साफसफाई

अर्धे बीट सोलून झाले होते, अर्धे अजून पातेल्यात सालीसकट निवत होते, आणि व्हर्लीन हास्काम्पचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते, तेव्हा दारावरची घंटा वाजली. ओट्यावर धुतलेल्या बरण्या उपड्या घातल्या होत्या. शेगडीवर व्हिनेगर नुकतं उकळायला लागलं होतं. लोणच्याच्या दिवसांत अशा वेळी घंटा वाजवणारं माणूस एकतर गावचं नसतं, नाहीतर भांडायला आलेलं असतं.

पेट्रा ब्रिंकर दोन्ही होती.

"मिसेस हास्काम्प, आत येऊ का?"

"दारात काय कमी आहे?" व्हर्लीन म्हणाली. पण व्हिनेगर उतू जायचा आवाज आला म्हणून तिला मागे वळावं लागलं, आणि पेट्रा तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात आली. व्हर्लीननं आच कमी केली. बस म्हणाली नाही. पेट्रा काखेतलं फोल्डर सावरत उभीच राहिली.

"एकच विचारायचंय. तुम्ही खोडरबर वापरलंत?"

व्हर्लीननं पुढचा बीट उचलला आणि त्याची साल एका झटक्यात ओढून काढली. "का? शाळेत तक्रार करणार आहेस?"

ही पेट्रा राष्ट्राध्यक्षांच्या लायब्ररीतली. या गावानं देशाला एक राष्ट्राध्यक्ष दिला होता. ट्रॅक्टर विकणाऱ्याचा मुलगा, एकदा निवडून आला, दुसऱ्यांदा पडला. तो परत आला तेव्हा मक्याच्या शेताकडेला विटांची लांबलचक इमारत उभी राहिली आणि त्याच्या कारभाराचे सगळे कागद ट्रकांतून तिथं येऊन पडले. सकाळी कुणाचा फोन आला, कुठल्या कायद्याचा मसुदा कुणी किती वेळा खोडला, दुपारच्या बैठकीत कोण रुसलं, सगळं. गावाला त्यातलं दर्शनी दालन तेवढं ठाऊक. तिथं त्याचं टेबल आहे आणि त्याच्या बायकोचा निळा झगा. मागच्या बिनखिडक्यांच्या खोल्यांत कागद राहतात, आणि पेट्रा त्यांची राखण करते. शिकागोहून येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण गाव अजून तिला 'ती नवी' म्हणायचं.

व्हर्लीनचा नवरा ऑरिन या कारभारात होता. व्हाइट हाऊसच्या तळघरातल्या एका खोलीत, डेल्मर ट्वीटच्या हाताखाली. डेल्मरही इथलाच, शेतीविषयक सल्लागार. त्यांच्या काळात कोठार कायदा झाला. धान्य सरकारी गोदामात न नेता शेतकऱ्याच्याच कोठारात ठेवायचं, आणि त्याचं भाडं सरकारनं द्यायचं. त्या कायद्यावर आसपासच्या चार परगण्यांचं भलं झालं. डेल्मरच्या नावानं शाळेला व्यायामशाळा झाली, रस्ता झाला. आता लायब्ररीत त्याच्या नावाचं दालन होणार होतं आणि दारावर पितळी पाटी लागणार होती, 'कोठार कायद्याचे जनक'. पाटीवर काय कोरायचं ते समिती शुक्रवारी ठरवणार होती.

"ती कल्पना माझ्या ऑरिनची," हे व्हर्लीन वीस वर्षं सांगत आली होती. चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना, बँकेत, किराणा दुकानात. लोक मान डोलावायचे आणि पावसापाण्यावर बोलायला लागायचे. ऑरिन स्वतः कधी बोलला नाही. तो रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा, खालमानेनं घरी यायचा आणि गॅरेजात जाऊन बसायचा. गॅरेजात त्याची खोकी होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे साहेब लोक आपापले कागद घरी घेऊन यायचे, त्यानंही आणले.

तो गेल्यावर पेट्रा खोकी मागायला आली. "जशी आहेत तशी द्या," ती म्हणाली होती. "झाकणसुद्धा उघडू नका." व्हर्लीननं मान हलवली, आणि मनात म्हणाली, दुसऱ्याच्या दारी घाण पाठवायची माझ्या आईनं मला शिकवण दिलेली नाही.

सगळा हिवाळा तिनं जेवणाच्या टेबलावर घालवला. गंजलेल्या टाचण्या काढल्या. उंदरांच्या लेंड्या झटकल्या. चुरगळलेले कागद इस्त्रीखाली घातले. तारीख होती ते तारखेनं लावले, तारीख नव्हती ते आकारानं, मोठे खाली आणि छोटे वर. आणि मग तिनं समासांकडे पाहिलं. खालमानेच्या ऑरिननं तिथं शिसपेन्सिलीनं काय काय लिहून ठेवलं होतं! सिनेटरांच्या आया काढल्या होत्या. पाद्रीबाबांना ढोल म्हटलं होतं. परमेश्वराचं नाव तर अशा शब्दांना जोडलं होतं की व्हर्लीनच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ती गुलाबी खोडरबर घेऊन बसली. दर ओळीला 'प्रभू, त्याला क्षमा कर' म्हणत तिनं ते पुसलं. टेबलाखाली रबराच्या चुऱ्याचा ढीग झाला.

"हो, वापरलं," ती आता म्हणाली. "मेलेल्या माणसाचं तोंड धुवून द्यायचं असतं. तुमच्यात नसेल तसं."

पेट्राच्या गालांवर लाल चट्टे उठले. "मी तुम्हाला सांगितलं होतं. हात लावू नका म्हणून सांगितलं होतं!"

"उंदराच्या लेंड्यांसकट द्यायचे होते का?"

"हो! लेंड्यांसकट!" पेट्रानं फोल्डर टेबलावर आपटलं. "तुम्ही काय केलंय कळतंय का तुम्हाला? मसुद्यांवर तारखा नसतात. कुठला कागद कुठल्या कागदाला टाचलेला होता, कुठला कशाच्या मागे होता, त्यावरूनच कळतं की आधी कुणी लिहिलं आणि नंतर कुणी. तुम्ही ते पत्त्यांसारखे पिसलेत. वर इस्त्री केलीत! तुमच्या नवऱ्याचं नाव या कायद्यावर आणायचं होतं ना तुम्हाला? वीस वर्षं गावाचं डोकं खाल्लंत. आणि जो पुरावा होता तो स्वतःच्या हातानं पुसलात."

व्हर्लीनच्या हातातला बीट पातेल्यात पडला. लाल पाणी ओट्यावर उडालं. तिनं फडकं घेऊन ते आधी पुसलं.

"कसला पुरावा?"

"शिव्यांच्या मधेमधे तो कायदा लिहीत होता, मिसेस हास्काम्प. शिव्या वाचून तुम्ही पुढचं वाचलंच नाहीत."

व्हर्लीन खुर्चीवर बसली. आता पेट्रा बस म्हणायची वाट न पाहता समोर बसली.

"एक पान आहे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, पण मऊ झाला नव्हता. "डेल्मरच्या कचेरीतला टाइप केलेला मसुदा. डेल्मरची सही आहे त्यावर. त्यात लिहिलंय, सरकारनं धान्य उचलावं आणि सरकारी गोदामात न्यावं. बरोब्बर उलटं! आणि समास पुसलेला. पण तुमचा नवरा पेन्सिल नांगरासारखी दाबायचा. मी दिवा आडवा धरून पाहिलं. शिसं गेलंय, चरे राहिलेत. 'शेतातच ठेवा' एवढं लागलं मला. नीट उजेडात, नीट कॅमेऱ्यानं, सगळं लागेल."

"मग लाव की! इथं काय करतेस?"

"त्याच्या खाली आणखी ओळी आहेत," पेट्रा म्हणाली. "त्या वाचायच्या आधी मी थांबले. तुम्ही खोकी दिलीत, दानपत्रावर सही केली नाहीत. सही नाही तोवर ते कागद आमचे नाहीत आणि मी ते कुणाला दाखवू शकत नाही. सही केलीत तर ते पान उघडं होईल. समितीला, डेल्मरला, सगळ्या गावाला. कायमचं. खाली काय आहे ते तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं. व्हर्लीनला ते पान इस्त्रीच्या वासासकट आठवत होतं. वरची ओळही तिनं वाचली होती, पण ती पुरावा ठरेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. खालच्या ओळींत एकही शिवी नव्हती. त्यांवर तिनं रबर इतकं घासलं होतं की कागद विरायला आला, आणि त्या वेळी तिच्या तोंडात प्रार्थना नव्हती.

"तेवढं झाकून दाखव," ती म्हणाली.

"झाकता येईल. पण झाकलेलं पान समितीसमोर ठेवलं की डेल्मरची बायको, मार्व्हेल, पहिली विचारेल, खाली काय लपवलंय. आणि मग म्हणेल, वरचंही या बाईनंच काल बसून कोरलंय. खोडरबर हिचंच ना?"

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. व्हर्लीननं लाल हातानंच रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज पेट्रालाही ऐकू गेला. मार्व्हेल ट्वीटच्या आवाजाला फोनची गरज नव्हतीच.

"व्हर्लीन! बाई, माझं ते मोठं भांडं तुझ्याकडे राहिलंय बघ. ऑरिन गेला तेव्हा बटाटे भाजून आणले होते ना मी. घाई नव्हती म्हणून बोलले नाही. पण आता दालनाच्या समारंभाचं जेवण आहे, मला लागेल."

"मिळेल."

"तुला नसेल जमत तर मी माणूस पाठवते. बुडाला माझ्या नावाची पट्टी आहे, अदलाबदल व्हायला नको. आणि समारंभाला तू यायचंस हं. डेल्मर काल म्हणतच होता, ऑरिनचा उल्लेख भाषणात करीन म्हणून. बिचारा टायपिंग फार सुबक करायचा. डेल्मर म्हणतो, तसा सुबक टायपिस्ट पुन्हा मिळाला नाही."

"टायपिस्ट," व्हर्लीन म्हणाली.

"कौतुकानं म्हणतो गं! तू लगेच फुरंगटतेस. डेल्मर काय मला सांगत नाही का? ऑरिन रात्र रात्र कचेरीत बसायचा. बाकीचे आपापल्या घरी जायचे, हा काही जायचा नाही. आम्हाला नवलच वाटायचं." मार्व्हेल हसली. "असो. भांडं तेवढं पाठव."

व्हर्लीननं फोन ठेवला. रिसीव्हरवर तिची पाचही बोटं उमटली होती. या वेळी तिनं फडकं घेतलं नाही.

"माहितीच आहे त्यांना," ती म्हणाली.

"काय?"

"ऐक. म्हणजे दिव्यापाशी डोळे फोडायला नकोत तुला." व्हर्लीन ताठ बसली, रविवारच्या शाळेत वचन म्हणून दाखवायला बसावी तशी. "वर लिहिलंय, 'उलट करा. धान्य शेतातच ठेवा, भाडं आपण द्यायचं.' आणि खाली लिहिलंय, 'आजही घरी जात नाही. व्ही. जागी असेल, काहीतरी पुसत असेल. इथल्या खुर्चीत बरं वाटतं.'"

शेगडीवर व्हिनेगर आटत होतं. पेट्रानं फोल्डरची कड नखानं खरवडली.

"मी हे ऐकायला आले नव्हते," ती म्हणाली.

"ऐकावं लागेल. त्याचाच पगार घेतेस." व्हर्लीननं हात पुढे केला. "आण ते दानपत्र."

"नीट विचार करा. उद्या शाळेतली पोरंसुद्धा येऊन वाचतील. तुमच्या पाठीमागे बोलतील."

"आता पुढ्यात बोलतात. पाठीमागे गेले तर सुटेन. मला सांग, पाटीवर त्याचं नाव येईल?"

"समिती ऐकेलच असं नाही."

"समितीत कोण बसतं ते मला माहीत आहे. त्यातल्या निम्म्यांचे बाप त्या भाड्यावर जगलेत. त्यांच्यापुढे ते पान ठेव आणि म्हणावं, आता मान डोलवून पावसावर बोला." तिनं चुटकी वाजवली. "पेन दे."

पेट्रानं पर्स चाचपली आणि तिचा चेहरा पडला. तिच्याकडे पेन्सिली होत्या, नुसत्या पेन्सिली. कागदांजवळ शाई न्यायची नाही हा तिचा रोजचा नेम, आणि त्या नेमानं ती सही आणायलाही तशीच निघाली होती.

व्हर्लीन पहिल्यांदा हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "सही घ्यायला आली आणि पेन्सिल घेऊन आली. आणि मला शिकवते." तिनं फोनजवळ दोरीनं टांगलेलं वाणसामानाच्या यादीचं पेन ओढून घेतलं, फोल्डरमधलं दानपत्र भिंतीला लावलं आणि सही केली. कोपऱ्यात अंगठ्याचा बिटाचा डाग पडला.

पेट्राचा हात नकळत पुढे झाला.

"राहू दे तो," व्हर्लीन म्हणाली. "जसं आहे तसं घ्यायचं म्हणतेस ना?"

पेट्रानं दानपत्र फोल्डरमध्ये घातलं. दारापर्यंत जाऊन ती वळली, काहीतरी चांगलं बोलायचं तिच्या मनात आलं असावं, पण व्हर्लीननं तिच्या तोंडावर जाळीचं दार लावून घेतलं.

मग तिनं शेगडी बंद केली. उरलेले बीट सालीसकट तसेच राहू दिले. खालच्या फळीवरून मार्व्हेलचं भांडं काढलं, साबणानं घासलं, कोरडं केलं. आपल्याकडच्यासारखंच इथंही कुणी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाही. निदान चार बिस्किटं तरी घालतात, नाहीतर बागेतले दोन टोमॅटो. व्हर्लीननं जन्मात कधी रिकामं भांडं कुणाच्या हाती दिलं नव्हतं. ओट्यावर कालच्या लोणच्याच्या सहा बरण्या भरून तयार होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, देवाची मनात माफी मागितली, आणि भांड्यावर नुसतं फडकं टाकलं.

केसांना रुमाल बांधून ती निघाली. तिला ट्वीटांच्या घरी जाऊन मार्व्हेलचं भांडं परत करायचं होतं.