सोनबाचा पहारा

आमच्या पळसदेवात सप्ताह बसला की वीणा खाली ठेवत नाहीत. दिवस असो, रात्र असो, कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पुढचा आलाच नाही तर? तर उभं राहायचं. एका साली पंगतीत बुंदीचं वाढप सुरू झालं आणि सोनबाच्या पुढचा पहारेकरी तिथंच रमला. मी लांबून सोनबाला खूण केली, टेक की जरा भिंतीला. गड्यानं मानसुद्धा हलवली नाही. बुंदी संपली तेव्हा तो पहारेकरी ढेकर देत आला. सोनबाच्या वाटणीला नुसता भात उरला.

असा हा सोनबा. इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या एका दूध कारखान्यात तो कॅन उतरवायच्या पट्ट्यावर होता. हातात लोखंडी आकडा. गावोगावचे भरलेले कॅन सरकत येतात, ते कडीला धरून ओढायचे आणि पुढं ओतायला द्यायचे. खाली ओली फरशी, पायात गमबूट, सकाळपासून दुपारपर्यंत उभं काम. आणि या बहाद्दरानं वीणेचा नेम त्या आकड्याला लावला! पुढच्या पाळीचा माणूस येऊन हात लावत नाही तोवर आकडा सोडायचा नाही.

पुढच्या पाळीचा माणूस म्हणजे वरकुट्याचा गोकुळ. गडी वाईट नाही, पण त्याचं आणि घड्याळाचं कधी जमलं नाही. म्हशीला वैरण टाकून, पान लावून, ओळखीच्या दोघांशी बोलून मग यायचा. कुणी बोललं तर म्हणायचा, “सोनबातात्या हायत की तितं. तात्या काय पळून जात्यात व्हय?”

मी रोज दुधाच्या टेम्पोत बसून कारखान्यात जातो. घरी बसून सुनेला किती गोष्टी सांगणार? त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सोनबा दुपारी टेम्पोत चढायचा तो दांडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा पाय हातानं उचलून. गुडघे गेले होते. बोलायचा नाही फारसा. एकदा मात्र म्हणाला, “आबा, गेटवरचा वाचमन गेला काम सोडून. तितं खुर्ची हाय.” खुर्ची हा शब्द त्यानं असा उच्चारला की जणू पुरणपोळीच.

त्यानं साहेबांना विचारलंही. साहेब म्हणजे इंद्रजितराव, वरकुट्याचेच, शिकून मॅनेजर झालेले. ते म्हणाले, “बघू तात्या.”

त्याच दिवसांत पुण्याहून विनयाबाई आल्या. कामाच्या ठिकाणचं अध्यात्म, हा त्यांचा अभ्यास. मला वाटलं, मशिनींवर देवाचे फोटो किती आहेत ते बघायला आल्या असतील. पण नाही. बाई माणसं बघत होत्या. दुपारी पाळी सुटली, सगळे हात धुऊन निघाले, सोनबा तेवढा उभा. बाईंनी विचारलं, “काका, तुमची वेळ संपली ना?”

“संपली की.”

“मग?”

“गोकुळ यायचाय. आकडा टाकून जाता येत न्हाय, बाई. वीणा टाकून जातंय का कुणी?”

बाईंचे डोळे भरून आले. खरंच सांगतो. त्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं की मी जे शोधत होते ते तुमच्या पट्ट्यावर उभं आहे. साहेब खूश. पुढच्या आठवड्यात सोनबा खुर्चीचं विचारायला गेला तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तात्या, तुमच्यासारखा माणूस गेटवर बसवायचा? तुमची साधना हाय ती. पट्टा तुमीच सांभाळा.”

टेम्पोत सोनबानं आधी दोन्ही पाय लांब केले. मग म्हणाला, “आबा, पहारा बदलायचा असतो. जलमभर एकाच्याच गळ्यात वीणा घालून ठेवत्यात का कुठं?”

मग एक दिवस बारामतीहून कारखान्याचे पाहुणे आले. विनयाबाई होत्याच. पाळी संपायच्या वेळेला इंद्रजितराव सगळ्यांना घेऊन पट्ट्यावर आले आणि सोनबाची गोष्ट सांगू लागले. सांगता सांगता रंगले. “इकडं द्या तात्या, दाखवतो यांना,” म्हणाले आणि त्याच्या हातातला आकडा घेतला.

सोनबानं आकडा सोडला. गमबुटासकट वाकला, साहेबांच्या पाया पडला, “रामकृष्ण हरी” म्हणाला आणि चालू लागला.

लबाडी नव्हती हो त्याच्या मनात. पुढच्यानं हातात घेतलं, पहारा फिरला. त्याच्या हिशेबी संपलं. पण इंद्रजितराव वरकुट्याचे, सप्ताह तिथंही बसतो. त्यांना ते पाया पडणं बरोबर कळलं. ते आकडा ठेवू लागले तर पट्ट्यावरच्या भीमानं हाक दिली, “साहेब, खाली ठिवू नगा! गोकुळ यीलच!”

सगळी पोरं हसली. कॅन तर येतच होते. साहेबांनी बाह्या वर केल्या. पाहुणे थोडा वेळ थांबले, मग चहाला गेले. विनयाबाई राहिल्या. साहेबांचा इस्त्रीचा शर्ट दुधापाण्यानं चिकटला, बूट भिजले, एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देणं सुरू झालं. शेवटी बाईंनीच हळू विचारलं, “हे रोज असंच असतं?”

साहेबांनी पुढचा कॅन ओढला.

गोकुळ आला तो पान चघळत. समोर साहेबांना बघून त्यानं पान गिळलंच.

दुसऱ्या दिवशी गोकुळ वेळेच्या आधी हजर. आणि साहेबांनी सोनबाला बोलावून एवढंच सांगितलं, “तात्या, उद्यापासून गेटवर बसा.”

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेटवर उतरलो. सोनबा खुर्चीत बसला होता, पाठ ताठ, तळवे जमिनीवर घट्ट. मी म्हणालो, “काय सोनबा, कसं वाटतंय?”

त्यानं गुडघ्यांवरून हात फिरवला. “कळंना आजून, आबा. मी बसलोय, पर पाय आजून उभंच हायत.”