पदरचे आकडे

माझी धाकटी नणंद औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली, तेव्हा पहिल्या अहवालावरच तिची कायम नोकरी ठरणार होती. द्रावणाचं वजन आणि आकारमान तिने तीन-तीन अंकांपर्यंत मोजलं, भागाकार केला आणि घनता लिहिली ०.८३३.

साहेब म्हणाले, "कॅल्क्युलेटर आठ आकडे दाखवतोय. कंजुषी कशाला?"

"मोजमापाने तीनच दिलेत, साहेब. पुढचे कॅल्क्युलेटरने पदरचे घातलेत. त्यांच्याखाली मी सही करणार नाही."

साहेबांनी वजनकाट्याकडे पाहिलं, हसले आणि अहवाल तसाच मंजूर केला. पुढे ती त्याच प्रयोगशाळेची प्रमुख झाली.

मी हे चारचौघांत सांगू लागले की ती अजून दटावते, "वहिनी, पदरचं घालू नका हं!"

घालत नाही. गरजच पडत नाही.